फ्लॅशचा पाय आणि लग्नाची दाटी

लग्नात फ्लॅश उडायचा थांबला की फोटोग्राफर आधी सेल बदलतो. दुसऱ्यांदाही सेलच बदलतो, कारण मघाचे नीट चार्ज झाले नसतील अशी शंका येते. फ्लॅशच्या पाठीवरचा लाल दिवा लागलेला असतो, म्हणजे तो भरलेला आहे. ‘टेस्ट’चं बटण दाबलं की लख्ख उजेड पडतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की मात्र नुसतं ‘खट्’. तोवर अंतरपाट दूर झालेला असतो, अक्षता उधळल्या गेलेल्या असतात, आणि जो फोटो पुन्हा मागता येत नाही तो हातचा गेलेला असतो. “भाऊ, फ्लॅश उडंना गेलाय” असं सहायकाच्या कानात सांगून माणूस दुसरा कॅमेरा मागवतो. तो असला तर.

यात सेलचा दोष नसतो, फ्लॅशच्या नळीचाही नसतो. दोष असतो फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यामधल्या बोटभर जागेत. कॅमेऱ्याच्या डोक्यावर दोन कडांची एक पत्र्याची खोबण असते, तिला हॉट शू म्हणतात. त्या खोबणीत सरकवायचा फ्लॅशचा चपटा पाय जेमतेम दोन मिलिमीटर जाड आणि साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. सगळा भार आणि सगळा निरोप त्या एवढ्याशा सांध्यातून जातो. हा सांधा मुळातून कच्चा आहे आणि तो कच्चा का राहिला याला इतिहास आहे. सेलूसारख्या गावातल्या फोटोग्राफरला त्या इतिहासाचं देणं दर हंगामात फेडावं लागतं.

सेलू हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं. कापसाची जुनी बाजारपेठ, नूतन विद्यालयाचं नाव, जवळच लोअर दुधनाचं धरण. एका अंगाला पाथरी-मानवत, दुसऱ्या अंगाला जिंतूर, रेल्वेनं पुढं परतूर आणि जालना. अशा गावातला स्टुडिओ वर्षभर पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं आणि जुन्या फोटोंची कॉपी यांवर तगतो आणि कमावतो लग्नसराईत. लग्नंही गावात कमी आणि आसपासच्या खेड्यांत जास्त. मोटारसायकलवर पुढं कॅमेऱ्याची बॅग, मागं स्टँड आणि छत्र्या धरून बसलेला पोरगा, आणि खाली मराठवाड्याचा रस्ता. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे मोठं शहर. तिथं फ्लॅश पाठवला की तो परत येईपर्यंत पुढच्या तीन तारखा उसन्या फ्लॅशवर काढायच्या. म्हणून इथं फ्लॅशचा पाय हा पोटापाण्याचा विषय आहे.

ही खोबण फ्लॅशसाठी जन्मलीच नव्हती. १९२५ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातून लायका कॅमेरा बाजारात आला. ऑस्कर बार्नाकच्या त्या छोट्या कॅमेऱ्यात अंतर मोजायची सोय नव्हती. म्हणून वेगळं अंतरमापक बसवायला डोक्यावर एक खोबण दिली. अंतरमापक वजनानं हलकं आणि उंचीनं बेताचं. खोबणीत घातलं, पत्र्याच्या स्प्रिंगनं धरलं, काम झालं. त्या काळी फ्लॅश म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी किंवा नुकतेच येऊ घातलेले बल्ब, आणि त्यांचा कॅमेऱ्याशी संबंध असलाच तर तारेपुरता. १९३८ साली अमेरिकेत ‘युनिवेक्स मर्क्युरी’ कॅमेऱ्यानं याच खोबणीत विजेचा संपर्क दिला. तार गेली आणि खोबण ‘हॉट’ झाली. पुढं मधोमध एक टोक आणि दोन्ही कडांचा पत्रा म्हणजे परतीची वाट, अशी मांडणी रूढ झाली आणि तिची मापं आयएसओ ५१८ या मानकात बांधली गेली. कुठल्याही कंपनीचा फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्यावर बसावा, ही त्यातली चांगली गोष्ट. वाईट गोष्ट अशी की अंतरमापकासाठी केलेली खोबण तशीच ठेवून तिच्यावर पुढं अर्धा किलोचा फ्लॅश उभा केला गेला.

हिशेब साधा आहे. चार सेल घातलेला मोठा फ्लॅश पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याची उंची वीस सेंटिमीटर धरा आणि तळाचा पाय दोन सेंटिमीटर. नवरदेवाच्या मामाचा कोपर फ्लॅशच्या डोक्याला दोन किलोच्या जोरानं लागला, तर खोबणीच्या कडेवर वीस किलोच्या घरात रेटा येतो. लोखंडी पहार घालून दगड उचकटतात त्यातलाच हा प्रकार; पहार म्हणजे फ्लॅश आणि दगड म्हणजे खोबणीची कड. वर मंगल कार्यालयातली गर्दी, “दादा, जरा सरका” म्हणत पुढं घुसणारे मोबाइलवाले, आणि वरातीत डीजेसमोर उलट चालत फोटो काढणारा आपला माणूस. धक्का लागणारच आहे. कितवा धक्का भारी पडेल, एवढंच ठरायचं असतं.

आणि मोडायचं तर काय मोडावं? फ्लॅशचा पाय प्लास्टिकचा असेल तर तो तुटतो आणि कॅमेरा वाचतो. पाय धातूचा असेल तर तो टिकतो, पण रेटा खाली उतरतो. मग खोबणीचे चार स्क्रू उपटतात किंवा कॅमेऱ्याचं वरचं झाकण तडकतं. कॅनननं २००७ च्या ५८० ईएक्स टू या फ्लॅशला धातूचा पाय आणि एका झटक्यात बसणारी खिटी दिली तेव्हा मोठ्या शहरांतल्या व्यावसायिकांना ते आवडलं. संपर्क घट्ट, धूळपाण्याला अटकाव. माझं मत मात्र प्लास्टिकच्या बाजूनं आहे. ज्याच्याकडे एकच कॅमेरा आहे आणि त्याचेही हप्ते चालू आहेत, त्याच्यासाठी स्वस्तातला भाग आधी तुटणं हीच खरी रचना. अट एवढीच की तो भाग सुटा मिळावा आणि गावात बदलता यावा. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो तसा असतो, चार स्क्रूंवर बसवलेला.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी सेल काढायचे आणि फ्लॅश बराच वेळ तसाच ठेवायचा, कारण आत तीनशे व्होल्टच्या वर भरलेला कपॅसिटर बसलेला असतो आणि सेल काढले म्हणून तो लगेच रिकामा होत नाही. जाणता कारागीर आत हात घालण्याआधी त्याच्या दोन टोकांना रेझिस्टर किंवा साधा बल्ब लावून तो उतरवतो. नवशिका स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि ठिणगीनं दचकतो. मग पायाचे चार बारीक स्क्रू. पाय उचलला की खालून केसासारख्या चार-पाच तारा दिसतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, प्रत्येकीचं टोक एकेका पिनेला डाग देऊन जोडलेलं. इथं आधी मोबाइलनं फोटो काढून ठेवायचा. नाहीतर कुठली तार कुठं होती यावर दुपार जाते. नव्या पायाच्या पिना आतल्या बारीक स्प्रिंगांवर वरखाली होतात. डाग देताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं की प्लास्टिक मऊ पडतं, पिन तिरकी बसते आणि दुरुस्त केलेला फ्लॅश पहिल्यापेक्षा जास्त छळतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरांचा हात या कामाला चांगला बसतो. बारीक डागाची सवय त्यांना रोजची.

मोडणं निदान डोळ्यांना दिसतं. न मोडता दगा देणारा सांधा जास्त वाईट, आणि त्याच्यामागं मळ असतो. हळदीच्या कार्यक्रमात फोटोग्राफरचे हात पिवळे होतात; त्याच हातांनी तो फ्लॅश काढतो, घालतो. घाम, हळद, तेल, वरातीची धूळ, आणि फ्लॅश काढलेला असताना उघड्या खोबणीत पडलेला अक्षतांचा तुकडा. खेड्यांत अक्षता ज्वारीच्याही असतात. दाणा मोठा असल्यानं तो दिसतो तरी. तांदळाची कणी स्प्रिंगच्या पत्र्याखाली जाऊन बसली की पाय पूर्ण आत सरकत नाही. केसभर मागं राहिला तरी पुरतं: मधली पिन लागते, पण बाजूच्या चार पिनांपैकी एखादी सुटते. मग फ्लॅश उडतो, पण कॅमेऱ्याचं ऐकत नाही. किती उजेड टाकायचा हा निरोप पोचत नाही आणि तो सगळा दारूगोळा एकदम मोकळा करतो. नवरीचा चेहरा पांढराफटक, मागचा मांडव काळा. असे चार फोटो लागोपाठ आले की फोटोग्राफर सेटिंग चाळत बसतो. त्या वेळी बघायची असते ती खोबण.

इथं एक गंमत आहे. जुन्या फ्लॅशना या मळाचं काही वाटत नसे. सत्तरच्या दशकातला व्हिव्हिटार २८३ घ्या. त्याच्या सुरुवातीच्या काही नगांमध्ये पायाच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असायचा. एवढा दाब गंजाचा, मळाचा पातळ थर फोडून पलीकडे जायचा. फिल्मच्या कॅमेऱ्यात आत साधं धातूचं बटण मिटत असे, त्याला ते सोसायचं. डिजिटल कॅमेऱ्यात बटणाच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आला आणि जुना फ्लॅश लावून कॅमेरा जाळल्याच्या कहाण्या तयार झाल्या. आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्टची मर्यादा आली, आणि आजचे फ्लॅश पाच-सहा व्होल्टवर काम करतात. कॅमेरा वाचला. पण पाच व्होल्टला हळदीचा वाळलेला थरसुद्धा भिंतीसारखा आडवा येतो. म्हणजे एक दोष मिटवताना दुसऱ्याला दार उघडलं. म्हणून आता सांधा स्वच्छ ठेवणं हाही यंत्राचाच भाग झाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, कानकोरण्याचा कापूस, आणि पिनेच्या टोकांना शिसपेन्सिलीचा खोडरबर हलक्या हातानं. पॉलिशपेपर घासायचा नाही. पिनेवरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर धरतो. खोबणीच्या कडेवरचा काळा रंग जिथं झिजून पांढरा पत्रा दिसतो, तिथंच परतीची वाट लागते, हेही ध्यानात ठेवायचं. तिथं रंग ‘नीट’ करून घेणारेही लोक असतात!

मूळ खोबणीवर कंपन्यांनी जी ठिगळं लावली त्यांचाही एक धडा होईल. आधी दातेरी चाकी आली: पाय सरकवून चाकी खाली आवळायची. सैल राहिली तर थरथरीनं आणखी सैल होते. जोरात आवळली तर खोबणीच्या कडा वर उचलल्या जातात. मग आली आडवी खिटी आणि खोबणीच्या भोकात उतरणारी छोटी कळ. फ्लॅश घसरून पडायचा बंद झाला. पण कळ धुळीनं अडकली की फ्लॅश निघतच नाही, आणि घाईत ओढणारा माणूस खोबणच उखडतो. अशा वेळी ओढायचं नाही. फ्लॅश आणखी पुढं दाबून, खिटी दोन-तीनदा उघडझाप करून, मग मागं घ्यायचा.

मिनोल्टानं तर जुनी खोबणच टाकून दिली. १९८८ च्या ७००० आय कॅमेऱ्यापासून त्यांनी स्वतःची वेगळी खोबण आणली, एका हातानं टक्कन बसणारी, बटण दाबलं की सुटणारी. यांत्रिक दृष्टीनं ती बरीच शहाणी होती. फक्त जगातला इतर कुठलाही फ्लॅश तिच्यावर बसत नव्हता. २००६ साली सोनीनं तो व्यवसाय घेतला तेव्हा ही खोबणही वारशात आली, आणि अखेर २०१२ मध्ये सोनी जुन्या मापाकडे परतली. नव्या खोबणीत बाहेरून मानक रूप आणि आत समोरच्या ओठाखाली बारीक संपर्कांची एक ओळ. आवाज, दिवा, फ्लॅश सगळ्यांचा निरोप त्या ओळीतून. संपर्क इतके नाजूक की तिरका फ्लॅश घुसवला तर वाकतात. पुढं २०१८ च्या एफ ६० आरएम या फ्लॅशला सोनीनं पायाभोवती धातूची मजबूत बाजूपट्टी दिली, चहूबाजूंच्या रेट्याला तोंड द्यायला. म्हणजे गाडी फिरून पुन्हा पहारीच्या हिशेबापाशी.

खरा उपाय बाहेरून आला. जर्मन मेट्झच्या दांड्याच्या फ्लॅशनं तो आधीच दाखवला होता: फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवायचाच नाही, बाजूच्या पट्टीला बांधायचा आणि तारेनं जोडायचा. भार पट्टीवर, निरोप तारेतून. तारेचं टोकही कटकटीचंच. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या नावावरून ‘पीसी’ म्हणून ओळखली जाणारी ती गोल खुंटी नुसत्या दाबावर बसते आणि नुसत्या ओढीनं निघते. स्टुडिओत सिंक कॉर्डला पाय लागला की संपलं. निकॉननं वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांवर त्या खुंटीला आटे दिले. बाकीचे पकडीनं टोक जरा दाबून वेळ निभावत राहिले.

मग तारेशिवाय फ्लॅश उडवणारे चिनी रेडिओ ट्रिगर आले आणि स्वस्त झाले. हलकासा ट्रिगर खोबणीत, फ्लॅश छत्रीत, छत्री स्टँडवर, स्टँड पोराच्या हातात. खोबणीवरचा भार गेला, मामाचा कोपर निष्प्रभ झाला. शिवाय उजेड बाजूनं येऊ लागला, चेहऱ्याला घडण आली, आणि तालुक्याच्या गावातल्या अल्बमला शहरी रूप मिळालं. साध्या ट्रिगरला लागतं काय? खोबणीतली एकच मधली पिन. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, हे त्याला विचारावंही लागत नाही. इतकी वर्षं चालत आलेल्या मानकाचं सगळ्यात मोठं पुण्य ते हेच.

आणि नेमकी तीच पिन कॅनननं स्वस्त कॅमेऱ्यांतून काढली. २०१८ चे १५००डी आणि ३०००डी, पाठोपाठ २०१९ चा २००डी टू. आधीच्या १३००डीला पिन होती. आपल्याकडे नवा धंदा सुरू करणारा पोरगा याच पंगतीतला कॅमेरा घेतो, आणि दुकानात तो खोबण निरखून बघत नाही, मेगापिक्सेल बघतो. घरी येऊन काकाच्या स्टुडिओतला ट्रिगर लावतो तेव्हा काहीच होत नाही. कॅमेरा खराब निघाला म्हणून परत दुकानात. दुकानदार म्हणतो, ट्रिगर खराब. दोघंही चूक. खोबणीत मधोमध जिथं चकाकणारा ठिपका हवा, तिथं नुसतं काळं प्लास्टिक असतं. नवशिक्याच्या कॅमेऱ्यातून सगळ्यांना चालणारा एकमेव संपर्क काढून टाकणं याला मी तरी काटकसर म्हणणार नाही. जो माणूस उसन्या, जुन्या, मिळेल त्या फ्लॅशवर शिकतो, त्याचीच वाट यात बंद होते.

यावर तोडगे निघाले. पहिला फुकटचा: कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडायचा आणि त्याच्या उजेडानं स्टँडवरचा फ्लॅश उडवायचा. ३०००डी आणि २००डी टू यांना तो बोटानं वर उचलावा लागतो. मोठा फ्लॅश ‘एस वन’वर ठेवला तर फसतो, कारण छोटा फ्लॅश आधी अंदाजाची एक चमक टाकतो आणि मोठा त्यावरच उडून मोकळा होतो. ‘एस टू’वर ठेवला की तो पहिली चमक सोडून देतो. घराच्या अंगणात हे छान चालतं. मांडवात शेजारी दुसऱ्या पार्टीचा फोटोग्राफर असला की त्याच्या प्रत्येक फोटोला आपला फ्लॅश उडतो आणि आपले सेल त्याच्या अल्बमसाठी खर्ची पडतात. दुसरा तोडगा पैशाचा: कॅननची भाषा बोलणारा ट्रिगर घ्यायचा, जो बाजूच्या चार पिनांमधून निरोप उचलतो. गोडॉक्स कंपनीनं आपल्या कॅनन जातीच्या ट्रिगरांना या कॅमेऱ्यांसाठी नवं फर्मवेअर दिलं. ते टाकायला संगणक आणि यूएसबी केबल लागते, आणि दुकानातल्या जुन्या डब्यातला ट्रिगर बहुधा जुन्या फर्मवेअरचाच असतो.

गोष्ट तिथं थांबलेली नाही. २०२१ च्या आर ३ पासून कॅनननंही खोबणीच्या समोरच्या कडेत एकवीस संपर्कांची ओळ बसवली. वरच्या कॅमेऱ्यांत जुन्या पिना सोबत ठेवल्या. २०२३ च्या स्वस्तातल्या आर ५० मध्ये मात्र जुन्या पिना पार गेल्या. नेहमीचा फ्लॅश लावायचा तर एडी-ई वन नावाचा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. अडॅप्टर म्हणजे सांध्यावर सांधा. वर फ्लॅश तेवढाच उंच, खाली खोबण तेवढीच, आणि मध्ये आणखी एक हलणारा तुकडा. भार कमी करण्याच्या सगळ्या खटाटोपानंतर पहार बोटभर लांब झाली.

तुळशीचं लग्न झालं की तारखा धडाधड लागतात. कॅमेरा घ्यायला निघालेल्यांनी दुकानात आधी खोबणीत मधोमध ठिपका आहे का ते बघावं, आणि घरचा ट्रिगर खिशात घालून न्यावा; पैसे द्यायच्या आधी तिथंच उडवून बघावा. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी खोबणीतला स्प्रिंगचा पत्रा हळूच काढून खालचे चार स्क्रू तपासावेत. ते सैल झालेले असले तर वरून कितीही आवळलं तरी फ्लॅश डुलत राहतो. स्क्रू बारीक असतात, मोठा स्क्रूड्रायव्हर त्यांची डोकी खातो. घड्याळवाल्याकडचा मागून घ्यावा. फ्लॅश लावताना आणि काढताना त्याचा स्विच बंद ठेवावा, कारण सरकताना त्याच्या पिना दुसऱ्याच टोकांवरून घासत जातात. आणि फ्लॅशचा सुटा पाय आत्ताच मागवून बॅगेत टाकावा. ऐन वैशाखात तो कुरिअरनं येतो तेव्हा नवरानवरी देवदर्शनाला गेलेली असतात.